ब्रिटिशकालीन मुंबई इलाख्यातील जलवाहतूकविषयक सरकारी जाहीरनामे : प्रसिद्धी आणि पोहोच

प्रस्तावना

कायदा ठाऊक नव्हता ही सबब न्यायालयात ग्राह्य धरली जात नाही. या तत्त्वाची दुसरी बाजू मात्र फारशी चर्चिली जात नाही. प्रजेने कायदा जाणलाच पाहिजे असे शासन म्हणत असेल, तर तो प्रजेपर्यंत पोहोचविण्याची जबाबदारीही शासनावर येते. ब्रिटिश राजवटीत ही जबाबदारी पार पाडण्याचे प्रमुख साधन म्हणजे सरकारी जाहीरनामा होय. जाहीरनामा, इस्तिहार, नोटीस, अधिसूचना अशा निरनिराळ्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या कागदांपैकी समुद्र, बंदरे आणि नद्यांवरील वाहतुकीसंबंधीच्या कागदांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय निवडण्याचे कारण असे की, जमिनीवरील एखादा नियम वेळेवर न कळल्यास सामान्यतः दंड भरावा लागतो. पाण्यावरील सूचना वेळेवर न कळल्यास माणसे बुडतात. म्हणून सूचना 'प्रसिद्ध झाली' आणि सूचना 'पोहोचली' या दोन गोष्टींमधील अंतर जलवाहतुकीच्या क्षेत्रात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र दिसत नाही. हे अंतर भरून काढण्याचे कोणते प्रयत्न झाले, ते कोणाच्या बाबतीत यशस्वी ठरले आणि कोणाच्या बाबतीत अपुरे पडले, हे पाहणे हा या लेखाचा उद्देश आहे.

आष्टा परिसरातील वाचकास समुद्राचा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. तथापि कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या या प्रदेशाचा बंदरांशी जुना संबंध होता. आष्टा ज्या वाळवे तालुक्यात आहे तो तालुका पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. १८९० च्या सुमारास पुणे–मिरज लोहमार्ग सुरू होईपर्यंत या भागातील कापूस, गूळ यांसारखा माल कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला आणि तेथून खाडीमार्गे मुंबईस जात असे. चिपळूणच्या धक्क्यावर लागलेल्या नोटिशीचा परिणाम देशावरच्या शेतकऱ्याच्या मालावर होत होता, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी लागेल.

पूर्वपीठिका : परवाना आणि कौल

समुद्रावर शासनाने नियम करण्याची कल्पना इंग्रजांनी प्रथम आणली असे नाही. सोळाव्या शतकात गोव्याच्या पोर्तुगीजांनी व्यापारी गलबतांवर 'कार्ताझ' नावाच्या परवान्याची सक्ती केली. मराठ्यांच्या आरमारानेही पुढे कौल व दस्तक यांच्या साहाय्याने सागरी हुकमतीचा आपला हक्क बजावला. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारासंबंधी स्वतंत्र विवेचन आहे. जहाजबांधणीसाठी लागणारे लाकूड रयतेस दुखवून घेऊ नये, पावसाळ्यात आरमाराची छावणी कशी करावी, अशा व्यवहारी बाबींचा त्यात समावेश आहे.

या जुन्या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की, परवाना विशिष्ट व्यक्तीच्या हाती दिला जाई. ज्याच्याजवळ कागद असे त्याला त्याच्या अटी ठाऊक असत. जाहीरनाम्याची कल्पना याहून वेगळी आहे. तो कोणा एकाला उद्देशून नसून सर्वांना उद्देशून असतो आणि म्हणूनच तो प्रत्यक्षात कोणाच्याही हाती न पडण्याची शक्यता त्याच्या स्वरूपातच असते. १८१८ नंतर कोकण किनाऱ्याचा मोठा भाग कंपनी सरकारच्या ताब्यात आला आणि १८४८ मध्ये सातारा संस्थानही खालसा झाले. तेव्हापासून किनारा आणि देश यांवर एकाच सरकारचे जाहीरनामे लागू होऊ लागले.

प्रसिद्धीची साधने

अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतील इंग्रजी वृत्तपत्रांतून, विशेषतः 'बॉम्बे कुरिअर'मधून, सरकारी सूचना छापल्या जात. त्याच पत्रात देशी लिपीतील जाहिरातीही १७९० च्या दशकातच दिसू लागल्या होत्या. पुढे १८३० च्या दशकापासून सरकारचे स्वतःचे 'गॅझेट' नियमितपणे निघू लागले. जुन्या मराठी लेखनात त्याचा उल्लेख 'सरकारी ग्याझेट' असा येतो. कायदे, नेमणुका, लिलाव, बंदरांचे नियम, नाविकांना द्यावयाच्या सूचना असे सर्व प्रकारचे साहित्य त्यात एकत्र असे.

इंग्रजी मजकूर देशी भाषांत आणण्यासाठी सरकारने भाषांतरकारांची व्यवस्था केली. मोल्सवर्थच्या कोशकार्यातील सहकारी मेजर थॉमस कँडी यांनी सरकारचे मराठी भाषांतरकार म्हणून दीर्घकाळ काम केले. मराठी गद्यात विरामचिन्हांचा वापर रूढ करण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. पुढे शंकर पांडुरंग पंडित यांच्यासारख्या विद्वानाने ओरिएंटल ट्रान्सलेटर या पदावर काम केले. आज आपण ज्याला कार्यालयीन मराठी म्हणतो तिची घडण बऱ्याच अंशी अशा भाषांतरांतून झाली आहे. 'येणेप्रमाणे सर्व लोकांस कळविण्यात येते की' या धाटणीची वाक्यरचना त्याच परंपरेतील होय.

छापील गॅझेटपलीकडे आणखी दोन साधने होती. एक म्हणजे कचेरी, जकातनाका, चावडी अथवा धक्का येथे कागद चिकटविणे. दुसरे म्हणजे दवंडी. साक्षरतेचे प्रमाण अत्यल्प असलेल्या समाजात दवंडी हेच खरे प्रसारमाध्यम होते. गॅझेटमधील मजकूर जिल्हा कचेरीतून मामलेदाराकडे, तेथून गावच्या पाटील-कुलकर्ण्यांकडे आणि शेवटी दवंडीच्या रूपाने लोकांच्या कानी जाई. या प्रत्येक टप्प्यावर मजकूर संक्षिप्त होत जाणे अपरिहार्य होते.

नाखव्यास सूचना

जलवाहतूकविषयक कागदांचे दोन प्रमुख वर्ग करता येतात. पहिला वर्ग माहिती देणाऱ्या सूचनांचा. ब्रिटिश नौकानयन खात्याने १८३४ पासून 'नोटिसेस टू मरिनर्स' म्हणजेच नाविकांस सूचना या नावाची माला सुरू केली. हिंदुस्थानच्या किनाऱ्याचे सर्वेक्षण प्रथम बॉम्बे मरीनच्या अधिकाऱ्यांनी व पुढे १८७४ मध्ये कलकत्त्यास स्थापन झालेल्या सागरी सर्वेक्षण विभागाने केले. नकाशा एकदा छापला म्हणजे तो स्थिर राहतो. समुद्र मात्र स्थिर राहत नाही. वाळूचे दांडे सरकतात, नवा खडक आढळतो, एखादे जहाज बुडून त्याचा सांगाडा वाटेत पडतो, बोया वादळात वाहून जातो. छापील नकाशा आणि प्रत्यक्ष समुद्र यांतील तफावत कळविणे हे या सूचनांचे कार्य होय.

या सूचनांचा साचा ठरलेला असे. नवे दीपगृह उभारले गेले असता त्याचे अक्षांश-रेखांश, प्रकाश स्थिर आहे की फिरता की लुकलुकणारा, त्याचा रंग, भरतीच्या पातळीपासून त्याची उंची, निरभ्र हवेत तो किती सागरी मैलांवरून दिसेल, कोणत्या दिशांच्या पट्ट्यात तो दिसणार नाही आणि कोणत्या तारखेपासून तो लावला जाईल, इतके तपशील क्रमाने दिले जात. शेवटी कोणकोणत्या नकाशांत दुरुस्ती करावी हे सांगितले जाई. जहाजावरील अधिकारी ही सूचना वाचून आपल्या नकाशावर शाईने दुरुस्ती करीत असे. अशा सूचनेत आज्ञार्थ जवळजवळ नसे. वाचणारा शहाणा आहे, माहिती मिळाल्यास तो योग्य निर्णय घेईल, असे तिने गृहीत धरलेले असे.

मात्र हा 'वाचणारा' कोण होता? इंग्रजी जाणणारा, छापील नकाशा बाळगणारा आणि बहुधा आगबोटीवर अथवा मोठ्या जहाजावर काम करणारा कप्तान. कोकण किनाऱ्यावरील बहुसंख्य वाहतूक मचवे, पडाव, गलबते यांतून होत असे आणि ती तांडेलांच्या हाती होती. तांडेलाचे ज्ञान कागदावर नव्हते. डोंगरांच्या खुणा, पाण्याचा रंग, शिसाच्या गोळ्याने घेतलेला खोलीचा अंदाज, वाऱ्याची दिशा आणि तिथी यांवर तो गलबत हाकीत असे. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांग त्याला पंचांगावरून कळत असे. इंग्रजी तारखेने दिलेले भरती-ओहोटीचे कोष्टक त्याच्या उपयोगाचे नव्हते. नवा खडक सापडल्याची इंग्रजी सूचना गॅझेटमध्ये आली तरी ती त्याला कळे ती बंदरातील तोंडी वार्तेतून.

अक्षरांविना सूचना

या अडचणीवरचा परिणामकारक उपाय छापील कागदाबाहेरच होता. दीपगृह ही वस्तुतः कायमस्वरूपी जाहीर सूचनाच आहे आणि ती वाचण्यासाठी अक्षरज्ञान लागत नाही. मुंबईत कुलाब्यास अठराव्या शतकातच दीपगृह होते. शिवकाळापासून प्रसिद्ध असलेल्या खांदेरी बेटावर १८६७ मध्ये, तर कुलाब्याच्या टोकापलीकडील प्रॉंग्ज खडकावर १८७५ मध्ये दीपगृहे उभी राहिली. कप्तानाने त्यांविषयी सूचना वाचली असेल, तांडेलाने वाचली नसेल. रात्री 'बत्ती' मात्र दोघांनाही सारखीच दिसत असे.

वादळाच्या इशाऱ्यांचेही तसेच आहे. हिंदुस्थानात बंदरांना वादळाची पूर्वसूचना देण्याची पद्धत १८६५ मध्ये कलकत्ता येथे सुरू झाली. पश्चिम किनाऱ्यासाठी तशी योजना १८८० मध्ये मंजूर झाली आणि १८९८ पासून सर्व बंदरांसाठी एकसारखी चिन्हपद्धती लागू करण्यात आली. दिवसा डोलकाठीवर शंकू व नळकांड्याच्या आकाराच्या आकृत्या आणि रात्री तांबडे-पांढरे दिवे, असे तिचे स्वरूप आहे. किनाऱ्यावरील लोक त्यास सरसकट 'बावटा' म्हणतात. 'तीन नंबरचा बावटा लागला' या चार शब्दांत कोळीवाड्यातील निरक्षर माणसालाही आवश्यक ते सर्व समजते. ब्रिटिशकालीन सूचनापद्धतीतील इतका लोकाभिमुख व इतका टिकाऊ भाग दुसरा क्वचितच असेल.

याच प्रकारात कालदर्शक गोळ्याचा उल्लेख करावा लागेल. बंदरातील उंच खांबावरून ठरलेल्या क्षणी एक मोठा गोळा खाली सोडला जाई व जहाजावरील अधिकारी त्यावरून आपले कालमापक घड्याळ पडताळून पाहत. रेखांश काढण्यासाठी अचूक वेळ लागते. घड्याळात चार सेकंदांची चूक असल्यास विषुववृत्ताजवळ स्थाननिश्चितीत सुमारे एका सागरी मैलाची चूक होते. म्हणून बंदरात वेळेची सूचना नाविक आपणहून स्वीकारीत. याउलट १८८१ मध्ये मद्रासची वेळ मुंबईत अधिकृत म्हणून लागू करण्याचा सरकारने प्रयत्न केला तेव्हा शहराने तो मानला नाही आणि १८८३ मध्ये तो मागे घ्यावा लागला. विषय वेळेचाच. एका ठिकाणी ती उपयुक्त माहिती होती, दुसऱ्या ठिकाणी ती हुकूम म्हणून आली, हा फरक येथे महत्त्वाचा आहे.

हुकूमवजा जाहीरनामे

दुसरा वर्ग नियमन करणाऱ्या जाहीरनाम्यांचा. १८३८ च्या किनारी नौकांविषयीच्या कायद्याने मुंबई इलाख्यातील किनारी गलबते, मासेमारी नौका व बंदरातील होड्या यांची नोंदणी आणि त्यांवर क्रमांक व ठिकाणाचे नाव घालणे आवश्यक ठरविले. १८५५ मध्ये बंदरे व बंदरशुल्क यांविषयीचा कायदा झाला. १८७५, १८८९ व १९०८ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या. १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. प्रवासी जहाजांसंबंधी १८७६ व १८८७ चे कायदे प्रत्येक प्रवाशास किती जागा मिळावी आणि जहाजावर किती माणसे घ्यावीत हे ठरविणारे होते.

१९०८ च्या भारतीय बंदरे अधिनियमातील दोन तरतुदी आपल्या विषयाच्या दृष्टीने मननीय आहेत. एका तरतुदीनुसार या कायद्याखालील प्रत्येक आदेश व नियम राजपत्रात प्रसिद्ध व्हावा आणि त्याची प्रत संबंधित बंदराच्या अधिकाऱ्याच्या कार्यालयात व जकात कचेरीत कोणालाही विनाशुल्क पाहण्यासाठी ठेवावी. माहिती मिळण्याच्या हक्काचे हे एक जुने रूप होय. दुसऱ्या तरतुदीनुसार जहाजाच्या प्रमुखासाठी असलेली लेखी सूचना जहाजावरील कोणाही नोकराजवळ दिली अथवा जहाजावर ठळक जागी चिकटविली म्हणजे ती प्रमुखास मिळाली असे समजण्यात यावे. 'समजण्यात यावे' हे शब्द विचारात घेण्यासारखे आहेत. कायद्याच्या दृष्टीने सूचना पोहोचली. प्रत्यक्षात ती कोणी वाचली का, हा प्रश्न कायदा विचारीत नाही. प्रशासनास असे गृहीतक आवश्यक असते, कारण त्याविना एकही आदेश अमलात येणार नाही. परंतु या गृहीतकाने शासनाची जबाबदारी संपते. पाण्यावरील धोका संपत नाही.

किनाऱ्यावरील अपघातांचा इतिहास हेच सांगतो. नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे निघालेली 'वैतरणा' ही आगबोट शेकडो उतारूंसह वादळात नाहीशी झाली. प्रवासी जहाजांचा कायदा त्यापूर्वी एकच वर्ष आधी झालेला होता. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' व 'तुकाराम' या कोकण किनाऱ्यावरील बोटी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नसल्यामुळे या दुर्घटनेची वार्ता मुंबईस कित्येक तास कळली नाही. अनेकांचे प्राण वाचले ते जवळच्या कोळ्यांनी आपले मचवे घातले म्हणून. नियम होते, ते प्रसिद्धही झालेले होते. संकटाच्या वेळी बोटीतून किनाऱ्यास सूचना देण्याचे साधन मात्र नव्हते. सूचनेचा प्रवाह सरकारकडून लोकांकडे असतो तसा लोकांकडून सरकारकडेही असावा लागतो, ही गोष्ट त्या काळच्या व्यवस्थेत दुय्यम राहिली.

नदीवरील तर

समुद्राकडून आता आपल्या नद्यांकडे वळू. मुंबई इलाख्यात १८६८ च्या दुसऱ्या क्रमांकाच्या कायद्याने सार्वजनिक तरींचे नियमन करण्यात आले. एखादा उतार 'सार्वजनिक तर' म्हणून जाहीर करणे, तिचा मक्ता देणे, माणूस, जनावर, गाडी व माल यांचे दर ठरविणे, हे सर्व जाहीरनाम्यांच्या द्वारे होत असे. १८७८ च्या उत्तर हिंदुस्थानातील तरींच्या कायद्यात तर दरांचा तक्ता देशी भाषेत, सहज वाचता येईल असा, घाटाजवळ लावण्याची अट मक्तेदारावर स्पष्टपणे घातलेली आहे.

या जाहीरनाम्यांचे सामाजिक परिणाम दुहेरी होते. मक्तेदाराने मनमानी पैसे घेऊ नयेत यासाठी उतारूच्या हाती एक आधार आला. त्याचबरोबर, पिढ्यान्‌पिढ्या गावाला नदीपार नेणारा आणि त्याबद्दल सुगीत धान्य घेणारा नावाडी आता मक्तेदाराचा नोकर झाला किंवा परवान्याविना नाव चालविणारा अपराधी ठरू लागला. गावगाड्यातील परस्परसंबंधांवर चालणारी सेवा लिलावाची वस्तू बनली. जमिनीच्या महसुलाबाबत हा बदल आपल्या अभ्यासकांनी तपशिलाने मांडला आहे. नदीच्या उताराबाबत त्याची तितकी दखल घेतली गेलेली नाही.

कृष्णाकाठी पावसाळ्यात नदी ओलांडणे हे नेहमीच जोखमीचे काम होते. सांगली येथे १९२९ मध्ये आयर्विन पूल वाहतुकीस खुला झाला. तो सांगली संस्थानच्या काळातील असल्याने त्याचा इतिहास इलाख्यातील तरींपेक्षा वेगळा आहे. तथापि आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळ्याच कारणाने आहे. पुराच्या दिवसांत जिल्ह्यातील प्रत्येकजण 'आयर्विनला किती फूट?' असा प्रश्न विचारतो. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी शाळकरी मुलासही ठाऊक असते. पुलाजवळील पाण्याची पातळी ही या भागातील सर्वांत प्रभावी जाहीर सूचना होय, कारण तिचा अर्थ लोकांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आत्मसात केला आहे.

बंदरातून गावात : साथरोगाचे जाहीरनामे

बंदरातील नियमनाची पद्धत जमिनीवर कशी आली याचे ठळक उदाहरण म्हणजे प्लेगची साथ. बाहेरून आलेल्या जहाजातील माणसांना काही काळ वेगळे ठेवणे ही मूळची बंदरातील रीत. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आढळला, तेव्हा अन्य देशांनी मुंबईहून येणाऱ्या जहाजांवर निर्बंध घातले. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवरील प्रवाशांची तपासणी सुरू झाली व १८९७ मध्ये मुंबईहून जाणारी हजयात्राही थांबविण्यात आली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला. जहाजासाठी योजलेले तपासणी, विलगीकरण व निर्जंतुकीकरण हे उपाय आता रेल्वेस्थानकांवर, शहरांतील घराघरांत आणि खेडोपाडी लागू झाले. सातारा जिल्ह्यासही या साथीने ग्रासले. गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहण्याच्या आठवणी या भागातील वृद्धांनी पुढच्या पिढ्यांना सांगितल्या आहेत.

जहाज आणि घर यांत मात्र मूलभूत फरक आहे. जहाजावरचा माणूस प्रवासात असतो आणि तपासणी हा प्रवासाचा भाग म्हणून स्वीकारतो. घरात शिरून केलेली तपासणी त्याला बेअब्रू वाटते. पुण्यात या कारवाईमुळे उसळलेल्या असंतोषाची परिणती २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावरील हल्ल्यात झाली. बंदरातील नियम गावात लागू करताना त्याची कारणमीमांसा लोकांच्या भाषेत समजावून सांगण्याची जी गरज होती ती केवळ जाहीरनाम्याने भागली नाही. हाच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीत पुन्हा उपयोगात आणला गेला.

जाहीरनाम्यांचे वाचन कसे करावे?

महाविद्यालयीन अध्यापक व संशोधक विद्यार्थी यांच्या दृष्टीने या साधनांचे मोल मोठे आहे. मात्र त्यांचा उपयोग करताना काही पथ्ये पाळावी लागतील. पहिले असे की, जाहीरनामा काय घडावे हे सांगतो, काय घडले हे सांगत नाही. अमुक वर्षी क्षमतेपेक्षा अधिक उतारू घेण्यास मनाई झाली यावरून त्या वर्षापासून गर्दी थांबली असे अनुमान काढता येत नाही. उलट, तोच मनाईहुकूम पुन्हा पुन्हा निघत असेल तर तो पाळला जात नव्हता असे अनुमान अधिक सयुक्तिक ठरते.

दुसरे, इंग्रजी मूळ आणि मराठी भाषांतर शेजारी ठेवून वाचावे. इंग्रजीत जेथे विनंती अथवा माहिती आहे तेथे मराठीत आज्ञा आली आहे काय, हे पाहणे उद्बोधक ठरेल. भाषांतरकारांनी 'पायलट'साठी 'आरकाटी' हा रूढ शब्द वापरला, की इंग्रजी शब्दच लिप्यंतरित केला, यावरून कागद कोणासाठी लिहिला गेला ते ध्यानात येते. 'बोया'सारखे शब्द कायमचे मराठी झाले, तर अनेक कृत्रिम प्रतिशब्द कागदावरच राहिले.

तिसरे, तारखा नीट पाहाव्यात. आदेशाची तारीख, राजपत्रात प्रसिद्धीची तारीख, भाषांतराची तारीख आणि स्थानिक कचेरीत पोहोचल्याची नोंद या चार तारखांमधील अंतर म्हणजे सूचनेच्या प्रवासाचा कालावधी होय. कोणत्याही एका विषयापुरते असे कोष्टक तयार केले तरी प्रशासनाची खरी गती कळून येईल. मोडी लिपी जाणणाऱ्या अभ्यासकांस तालुका व गावपातळीवरील दप्तरांतून हे काम हाती घेता येईल.

समारोप

स्वातंत्र्यानंतर सूचनांचे स्वरूप बदलले आहे. नाविकांसाठीच्या भारतीय सूचना आज देहरादून येथील राष्ट्रीय जलआलेखन कार्यालयातून प्रसिद्ध होतात. १९२७ च्या दीपगृह अधिनियमाची जागा २०२१ च्या कायद्याने घेतली आणि १९०८ च्या बंदरे अधिनियमाऐवजी संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये नवा कायदा संमत केला. समुद्राच्या स्थितीचे अंदाज हैदराबादच्या राष्ट्रीय संस्थेकडून मच्छीमारांना त्यांच्या भाषेत भ्रमणध्वनीवरही मिळतात. तांडेलापर्यंत माहिती पोहोचविण्याची जी सोय एकोणिसाव्या शतकात नव्हती ती आज उपलब्ध आहे.

तरीही मूळ प्रश्न सुटला आहे असे म्हणता येत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली. ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ग्रामस्थांना सुरक्षित स्थळी नेणारी नाव उलटली आणि त्यात अनेकांचा, विशेषतः स्त्रिया व मुलांचा, अंत झाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात घारापुरीकडे जाणाऱ्या 'नीलकमल' बोटीस नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून जीवितहानी झाली व त्यानंतर प्रवाशांनी जीवरक्षक जाकीट घालण्याच्या सक्तीवर भर देण्यात आला. नावेत किती माणसे बसावीत याविषयीचे कायदे १८७६ पासून आपल्याकडे आहेत. पाणी दारात आले असता आणि दुसरी नाव येईल याची शाश्वती नसता कोणीही मागे राहण्यास तयार होत नाही. अशा प्रसंगी नियम माहीत असणे पुरेसे पडत नाही. पुरेशा नावा, त्या हाकणारी प्रशिक्षित माणसे आणि पाणी चढण्यापूर्वी मिळालेला इशारा यांची जोड त्यास लागते.

ब्रिटिशकालीन जाहीरनाम्यांच्या अभ्यासातून निघणारा निष्कर्ष असा की, जी सूचना पाहणाऱ्याच्या सहज लक्षात येते, त्याच्या भाषेत व त्याच्या अनुभवाशी जुळणारी असते आणि जिच्यामागे ती पाळण्याची सोय उभी असते, तीच टिकते. खांदेरीची बत्ती, बंदरावरचा बावटा आणि आयर्विनची फूटपट्टी ही अशा सूचनांची उदाहरणे होत. नदीकाठच्या प्रत्येक गावातील नावेवर तिची उतारूसंख्या ठळक मराठी अंकांत रंगविलेली असावी आणि पावसाळ्यापूर्वी ती ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखविली जावी. दवंडीच्या काळापासून आपल्या परिचयाची असलेली ही रीत आजही खर्चाची नाही. कृष्णा-वारणेच्या काठावरील महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांना हे काम सहज हाती घेता येण्यासारखे आहे.